कौसाबाईच्या उजव्या हाताला

“उद्याच्या भाकरीची पाळी तुमच्याच घरी घ्या, बाई. माझी चूल नीट न्हाई,” कौसाबाई सकट आमच्या ओट्याखाली उभी राहून म्हणाली.

शनिवारची संध्याकाळ होती. मी ओट्यावर बसून मनुका निवडत होते आणि आई आत विळीवर कांदा चिरत होती. कौसाबाईचं बोलणं कानावर पडताच आई हात पुसत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला होता, की जणू देवानं तिची प्रार्थना ऐकून तातडीनं माणूस पाठवला. खरं तर तसंच होतं. दोन दिवस ती हेच मागत होती.

आमचं करंजदरा हे गाव नगर जिल्ह्यातलं, आणि माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तिथल्या मंडळीचे पाळक. मंडळी म्हणजे चाळीसेक माणसं आणि त्यांची पोरंबाळं. चर्च म्हणजे कौलारू छपराची एक लांबट खोली. आत बाक नाही, खुर्ची नाही. सतरंज्या अंथरायच्या, चपला बाहेर काढायच्या आणि पेटी, ढोलकी, झांजांवर उपासना करायची. दादा उभं राहून कीर्तन करत आणि पूर्वरंगात बायबलातला मोशे आला तर उत्तररंगात आमच्या गावचा पाझर तलाव येई. बाहेरचे लोक हसत. आम्हाला मात्र त्याचं फार कौतुक होतं आणि मला अजूनही आहे.

पण आमच्या मंडळीचा खरा दागिना होता प्रभुभोजन. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी ते असे. शहरातल्या चर्चमध्ये बेकरीच्या पावाचे छोटे तुकडे ताटलीतून फिरतात. आमच्याकडे ज्वारीची भाकरी असायची. ती भाजायची पाळी घराघरात फिरायची, कुणाचंही घर सुटायचं नाही. ही रीत माझ्या आजोबांनी घातलेली. आजोबा तिथले पहिले प्रचारक. त्यांच्या काळी वरल्या वस्तीतली काही घरं ख्रिस्ती झाली आणि खालल्या वस्तीतलीही झाली, पण या दोन वस्त्यांचा एकमेकींशी पाण्याचाही व्यवहार नव्हता. प्रार्थनेला शेजारी बसत आणि घरी जाऊन वेगळ्या घागरीतून पाणी पीत. आम्ही स्वतः वरल्या वस्तीतले. आजोबांनी पहिली पाळी मुद्दाम खालल्या वस्तीला दिली आणि स्वतः पहिला घास घेतला. त्या दिवशी म्हणे अर्धी वरली वस्ती उठून गेली होती. पुढच्या महिन्यात निम्मी परत आली, त्याच्या पुढच्या महिन्यात उरलेली.

भाकरी वाटायचीही एक तऱ्हा होती. सगळ्यांनी गोल बसायचं, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. पाळकानं भाकरी मोडून भाजणारीच्या हातात द्यायची. तिनं आपला घास घ्यायचा आणि मग उजव्या हाताच्या माणसाला तुकडा द्यायचा. त्या माणसानं पुढच्याला द्यायचा. देताना समोरच्याचं बाप्तिस्म्याचं नाव घ्यायचं. बाई नाही, राव नाही, साहेब नाही. “अमुक, प्रभूचं शरीर. तुझ्यासाठी.” सुनेनं सासऱ्याला दिलं तरी तुझ्यासाठीच म्हणायचं. गोल पुरा होईपर्यंत गाणं थांबवायचं नाही. आणि कोणी पाहुणा आला असेल, तर त्याला भाजणारीच्या उजव्या हाताला बसवायचं.

अडचण इथंच होती. त्या रविवारी पुण्याहून पाहुणे येणार होते, ते मला बघायला.

मुलाचं नाव विजयानंद उजागरे. नगरला उन्हाळी शिबिरात आमची ओळख झाली होती. तो शाळेत गणित शिकवायचा. मला परिचारिकेचं शिक्षण पुरं करायचं होतं, त्याला ते मान्य होतं, आणि मला तो हवा होता. लाजून सांगण्यासारखं त्यात काही नाही, हवाच होता. त्याचे वडील पुण्यातल्या एका मोठ्या चर्चच्या पंचमंडळीत होते आणि तिथल्या गायनवृंदात त्यांचा आवाज गाजलेला होता. ते तयार होते. त्याची आई मात्र कित्येक महिने नाही म्हणत होती. खेड्यातली मुलगी नको, त्या बाजूची तर नकोच, असं तिचं म्हणणं असल्याचं विजयनं मला कळवलं होतं. कारण काही सांगत नव्हती. शेवटी नवऱ्यानं आणि मुलानं मिळून तिला कशीबशी यायला राजी केलं होतं.

आता माझ्या आईची धडधड समजून घ्या. उजागरे वरल्या वस्तीतलेच, पण दोन पिढ्यांपूर्वी पुण्याला जाऊन मोठे झालेले. आई म्हणायची, शहरातल्या चर्चमध्ये सगळे एक असतात, पण लग्नाच्या वेळी हळूच वस्ती विचारतात. आधीच नाराज असलेल्या विहिणीला पहिल्याच दिवशी खालल्या वस्तीतल्या कौसाबाईच्या चुलीवरची भाकरी, तीही कौसाबाईच्या हातून घ्यायला लावायची म्हणजे सोयरीक मोडायचीच तयारी. बरं, हे दादांपुढं बोलायची सोय नव्हती. म्हणून ती देवापुढं बोलत होती.

“काही हरकत नाही, कौसाबाई,” आई म्हणाली. “मी भाजते. तुम्ही पुढच्या महिन्यात घ्या.”

तेवढ्यात दादा मागच्या दारानं आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“चूल मोडली असेल तर आमच्या चुलीवर ये,” ते कौसाबाईला म्हणाले. “पाळी चुलीची नसते, माणसाची असते.”

पदराचं टोक बोटाला गुंडाळत कौसाबाई माझ्याकडं बघत राहिली. मोठी धीराची बाई होती. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं पोरं वाढवली होती आणि दुष्काळात चर्चनं धान्य वाटलं तेव्हा रांगेतली भांडणं नुसत्या नजरेनं मिटवली होती. तिला असं चुळबुळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“पोरीचं लगीन हाये, पाळकसाहेब,” ती शेवटी म्हणाली. “माझ्या हातानं इस्कटायला नको.”

दादांनी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांनी ठरवलं असतं तर तिथंच निकाल देता आला असता. पण ते ओट्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, “रिबका, लग्न तुझं आहे. तू सांग. तू म्हणशील तर आई भाजेल आणि मी एक शब्द बोलणार नाही.”

मी एकोणीस वर्षांची होते. विजयचा चेहरा डोळ्यांपुढं होता आणि आई मागून मला खुणा करत होती. पण माझं बोट धरून मला संडे स्कूलला नेणारी कौसाबाई आमच्या ओट्याखाली उभी होती, आणि आजोबांनंतर इतक्या वर्षांत एकदाही न चुकलेली पाळी माझ्या नवऱ्यापायी चुकणार होती. मला ते सोसलं नसतं.

“कौसामावशी, पाळी तुमचीच,” मी म्हटलं. “ज्यांना ती भाकरी चालणार नाही, त्यांच्या घरी मलाही चालणार नाही.”

आईनं कपाळाला हात लावला. दादांनी नुसतं “बरं” म्हटलं, पण आत जाताना माझ्या डोक्यावर थोपटून गेले. कौसाबाईला मात्र माझ्या बोलण्याचा आनंद झालेला दिसला नाही. “भाजीन माझ्याच चुलीवर,” असं पुटपुटत ती निघाली. म्हणजे चूल धडधाकट होती. एवढं कळूनही आम्हाला पुढचं काही कळलं नाही.

रविवारी सकाळच्या एस्टीनं पाहुणे आले. अरविंदराव उजागरे भर उन्हात कोट घालून होते. विजय आईची पिशवी धरून मागं चालत होता आणि माझ्याकडं बघायचं टाळत होता, म्हणजे दर मिनिटाला बघत होता. त्याची आई सुशीलाबाई गोऱ्या, ताठ, इस्त्रीच्या साडीतल्या, शाळेच्या मुख्याध्यापिका शोभाव्यात अशा. पण शहरातली बाई असून त्यांनी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला होता. आईनं केलेला चहा त्यांनी मान खाली घालून घेतला. विचारलेल्याला हो किंवा नाही, यापलीकडं बोलल्या नाहीत. आईनं मला आत बोलावून सांगितलं, बघ, नाक मुरडायला सुरुवात झाली.

चर्चच्या दारात अरविंदरावांनी खुर्ची कुठं दिसते का म्हणून नजर फिरवली. कोणीतरी पळत जाऊन शाळेतून एक आणलीही. ते बसले, आणि सगळी मंडळी जमिनीवर आणि आपण एकटेच उंचावर, हे लक्षात आल्यावर पँट सावरत हळूहळू खाली उतरले. गुडघे कडकड वाजले. मग त्यांनी दादांना विचारलं, की तुमच्याकडं ऑर्गन नाही का?

“होता,” दादा म्हणाले. “मिशनच्या साहेबांनी दिलेला. दुष्काळात विकला आणि ज्वारी आणली. सगळ्या गावानं खाल्ली, चर्चमध्ये न येणाऱ्यांनीसुद्धा.”

ढोलकी सुरू झाली तेव्हा अरविंदरावांच्या कपाळाला आठी पडली. ज्यांचा आवाज पुण्यात गाजतो ते ओठ घट्ट मिटून बसले होते. गाणी दादांनीच रचलेली, त्यामुळं त्यांना येत नव्हती हे खरं, पण धरायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

सुशीलाबाईंचं निराळंच. त्यांनी चपला काढल्या, दारातल्या बादलीतलं पाणी पायांवर घेतलं आणि कोणी काही सांगायच्या आत सरळ जाऊन कौसाबाईच्या उजव्या हाताला बसल्या. आई मघापासून त्यांना दुसरीकडं बसवायचा बेत करत होती, तिचा हात तसाच राहिला. मला वाटलं, दादांनी आधीच सांगितलं असेल. मी त्यांच्या पलीकडं, उजवीकडं बसले. मुलगी जवळून बघून घ्या, असा माझा हिशेब होता.

कीर्तन झालं. दादांनी भाकरीवरचं फडकं काढलं. कौसाबाईची भाकरी नेहमीच देखणी असायची, त्या दिवशी तर पापुद्रा टम्म फुगलेला होता. प्रार्थना करून दादांनी ती मोडली, अर्धी कौसाबाईच्या हातात दिली, आणि मंडळीनं गाणं धरलं. “एका ताटी बैसविले, एका हाते भरविले.” कौसाबाईनं घास घेतला. मग तुकडा मोडून ती उजवीकडं वळली.

“सुशीला,” ती म्हणाली, “प्रभूचं शरीर. तुझ्यासाठी.”

सुशीलाबाईंनी हात पुढं केले नाहीत.

त्यांच्या मांडीवर पदराच्या आत त्यांची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. मला ती दिसत होती. कौसाबाईचा हात तुकड्यासकट तसाच अधांतरी. गाण्याची ओळ संपली, पुन्हा सुरू झाली. पुन्हा संपली. समोर पुरुषांच्या बाजूला विजयचं तोंड उतरलं होतं आणि अरविंदराव सतरंजीकडं बघत होते. आईनं डोळे मिटून घेतले. ढोलकीवाल्यानं दादांकडं पाहिलं. दादांनी मानेनंच सांगितलं, चालू दे.

माझं डोकं तापलं. म्हणजे आईचं खरं होतं तर. इस्त्रीच्या साडीला या भाकरीचा विटाळ होतो. जाऊ दे ही सोयरीक खड्ड्यात, मी मनात म्हटलं. मी उठणार, या बाईला ओलांडून कौसामावशीपुढं बसणार आणि तो घास माझ्या हातानं घेणार, आणि मग यांनी खुशाल आल्या एस्टीनं परत जावं. मी हात टेकून अर्धवट उठलेही. विजयकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित उठता आलं नसतं.

तेवढ्यात सुशीलाबाई बोलल्या. आवाज एवढा बारीक, की गाण्यातून तो कौसाबाईला आणि मलाच ऐकू आला.

“कौसे, ते नाव माझ्या बाप्तिस्म्याचं नाही. तुला ठाऊक आहे.”

“असू दे गं,” कौसाबाई म्हणाली. “घे आन् मोकळी हो. कुणाला कळायचं न्हाई.”

“खोट्या नावानं कशी घेऊ? नीट हाक मार.”

कौसाबाईनं एकदा दादांकडं पाहिलं. मग मान वर करून, सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं हाक मारली.

“सुंदा. प्रभूचं शरीर. तुझ्यासाठी.”

सुशीलाबाईंनी डोक्यावरचा पदर मागं सारला आणि दोन्ही हात पुढं केले. घास तोंडात घातला आणि त्यांना रडू फुटलं. खालल्या वस्तीतल्या एक-दोन म्हाताऱ्या गाता गाता थांबल्या, त्यांच्याकडं निरखून बघू लागल्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. मी अर्धवट उठलेली होते, ती खाली बसले. सुशीलाबाई माझ्याकडं वळल्या. डोळे गळत होते, पण आवाज अगदी स्वच्छ होता.

“रिबका, प्रभूचं शरीर. तुझ्यासाठी.”

मी तो तुकडा घेतला. माझं लग्न त्या क्षणी ठरलं, असं मी मानते.

गोल पुढं सरकला. बायांकडून पुरुषांकडं गेला. ढोलकीवाला खालल्या वस्तीचाच होता. त्यानं एका हातानं ठेका धरून दुसऱ्या हातानं तुकडा पुढं केला आणि ठणकावून म्हणाला, “अरविंद, प्रभूचं शरीर. तुझ्यासाठी.” अरविंदरावांनी तो घेतला. पुढच्याला दिला. आणि मग पुढच्या ओळीला त्या मिटलेल्या ओठांतून असा आवाज निघाला, की छपरावरची कबुतरं उडाली. शब्द तोवर इतक्यांदा घोळले होते, की त्यांना पाठ झाले होते.

जेवणाच्या वेळी सगळा उलगडा झाला. सुंदा ही पलीकडच्या वाडीची, आमच्या खालल्या वस्तीच्याच भावकीतली, कौसाबाईची मावसबहीण. दोघींचा बाप्तिस्मा माझ्या आजोबांनी एकाच दिवशी केला होता. लहानपणी दोघी याच चर्चमध्ये सतरंज्या झाडायच्या. म्हणूनच पाहुण्यानं कुठं बसायचं हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. आई वारल्यावर सुंदाला पुण्याच्या बोर्डिंगमध्ये घातलं. तिथं तिचं सुशीला झालं. पुढं अरविंदरावांनी तिच्याशी आपखुशीनं लग्न केलं, पण घरात म्हातारी आई कडक, म्हणून सुनेची वस्ती झाकून ठेवली.

“तीस वर्षं झाकलं,” अरविंदराव दादांना म्हणाले. “आधी आईच्या भीतीनं. आई गेल्यावर नुसत्या सवयीनं. विजयलाही सांगितलं नाही.”

विजय शेजारीच बसला होता. त्यानं आईच्या ताटातली उरलेली भाकरी उचलून खाल्ली आणि म्हणाला, “आज सांगितलंत ना.” मला कळलं, की मी माणूस बरा निवडला होता.

आणि कौसाबाई? सुंदा उजागऱ्यांच्या घरी दिली हे बोर्डिंगच्या मेट्रनबाईंकडून तिला केव्हाच कळलं होतं. पाहुण्यांचं नाव कानावर आलं तेव्हा तिनं ओळखलं, की रविवारी आपल्यालाच हिला नावानं हाक मारावी लागणार. त्यासाठीच ती आदल्या दिवशी मोडक्या चुलीची गोष्ट घेऊन आली होती. आम्हाला वाटत होतं, की ती पाहुण्यांना भिते. ती पाहुणीला वाचवत होती.

“तिचं झाकलेलं म्या कशापायी उघडू?” एवढंच ती आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, आणि सुंदाच्या ताटात आणखी कालवण वाढलं.

आमचं लग्न पुण्याच्या मोठ्या चर्चमध्ये झालं. ऑर्गन वाजला आणि करंजदऱ्याची ढोलकीही वाजली. ढोलकी आत आणायला तिथल्या पंचमंडळीतून कुरकुर झाली, तेव्हा अरविंदराव म्हणाले, की मग मीही गाणार नाही. कुरकुर थांबली. पुढं कौसाबाईच्या घराची पाळी आली, की आदल्या दिवशी माझ्या सासूबाई एस्टीनं गावाला जात. दोघी एका चुलीपुढं बसत, एक थापायची आणि एक भाजायची. आई त्यांना चहा नेऊन देई आणि त्यांच्यापाशीच बसून राही. तिनं स्वतःच एकदा मला सांगितलं, की देवानं तिची ती प्रार्थना ऐकली नाही हे फार बरं केलं.

शेवटच्या वर्षी सासूबाईंना माणसं ओळखू येईनाशी झाली. विजयला त्या आपले वडील समजत आणि मला नर्सबाई. तेवढं मात्र खरंच होतं. खाणं जवळजवळ सुटलं होतं. सुशीलाबाई, आई, आजी, कशालाच ओ देत नसत. कौसामावशी तोवर गेली होती, दादा थकले होते, पण महिन्याचा पहिला रविवार आला तेव्हा मी घरीच ज्वारीची भाकरी भाजली आणि त्यांच्या पलंगापाशी बसले. विजय हळू आवाजात ते गाणं म्हणत होता. त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

मी त्यांच्या डाव्या अंगाला सरकले, म्हणजे त्या माझ्या उजव्या हाताला आल्या. तुकडा मोडला.

“सुंदा,” मी म्हटलं, “प्रभूचं शरीर. तुझ्यासाठी.”

त्या वळल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले.